आत्याच्या ओसरीवरचा तांब्या

१४ डिसेंबर, फुलचूर

इतके दिवस वही उघडली नाही, चुकलंच.

लेकीने वादविवादाचं भाषण वाचून दाखवलं. जे सरकार आपल्याच माणसांना छळतं, त्याच्यावर निर्बंध लादा, बोलणंही तोडा, म्हणते.

मला बाबा आठवले. दरेकशाला सासरी आत्याला नवरा मारायचा. बाबा दर रविवारी रेल्वेने जायचे, ओसरीवर बसून बोलायचे, पण पाण्याच्या तांब्याला हात लावायचे नाहीत.

“काऊन नाही पेत?” आत्याचा नवरा विचारायचा.

“पेईन ना जवाईबापू, मारनं सोडा. तवर येतच राहीन.”

अखेर मारणं थांबलं आणि त्यांनी तांब्या उचलला, तेव्हा आत्या दारात हसत होती. पण तोवर ती मार खातच होती ना? बाबांनी येणंच तोडलं असतं, तर लवकर सुटली असती, की एकटी पडली असती? तिला हे कुणीच विचारलं नाही.

उद्या: आत्याला फोन करून विचारणे.