आजचा दालचा कालच्यापेक्षा पातळ आहे

2 नोव्हेंबर 2025, रविवार. दुपारी 4

आरजूच्या कॅफेचं उद्घाटन झालं. मला जायचं नव्हतं, पण चुलत बहीण आहे. गेले नसते तर लोक म्हणाले असते, सकीना जळते. मी जळत नाही. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे प्रश्न नको.

कॅफे बायपासवर आहे. आत खेळण्यातली आगगाडी रुळावरून फिरते आणि टेबलापर्यंत प्लेटी आणते. टेबलांना स्टेशनांची नावं. आम्हाला जऊळका मिळालं. मंगरूळपीरला अजून रेल्वे आली नाही, आरजूच्या कॅफेत आली. गाडी तीन वेळा रुळावरून उतरली. (दोन वेळा. तिसऱ्यांदा माझी ओढणी अडकली होती.)

आरजू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान. एरवी मला नावाने हाक मारते. आज माइकवर म्हणाली, “आमच्या आपा आल्या आहेत. त्यांचंही हॉटेल आहे, छोटंसं.” त्या “छोटंसं”चा विचार करत घरी आले.

मोमोज कच्चे होते. आठ खाल्ले, आठही कच्चे.

3 नोव्हेंबर, सोमवार

अब्बांशी बोलले. त्यांचे गुडघे आता दिवसभर उभं राहू देत नाहीत. फुरकानमामांना आमची जागा टाइल्सच्या शोरूमसाठी हवी आहे. अब्बा म्हणाले, “रमजानपर्यंत तू चालवून पाह्य बेटा. चाललं तं हॉटेल तुयं. नाही तं फुरकानले हो म्हनतो.”

रमजान फेब्रुवारीत आहे. वेळ भरपूर आहे.

हॉटेल मला हवंच. शाळेत जायच्या आधी मी इथेच शिकले. गल्ल्यामागच्या काळ्या फळ्यावर अब्बांनी माझा हात धरून “चहा”, “पाव”, “दालचा” गिरवून घेतलं. हरभऱ्याची डाळ, दुधी आणि मटण घालून आमचे मुबश्शिरचाचा जो दालचा करतात, त्यासाठी लोक बाजाराच्या दिवशी इंझोरीहून येतात. अब्बांचा नियम एकच होता, जे भट्टीवर असेल तेच फळ्यावर लिहायचं. पुढे मी बी.कॉम. केलं, पण त्यात याहून मोठं काही नव्हतं.

9 नोव्हेंबर, रविवार

बादलच्या दुकानात गेले. फ्लेक्स, निऑनचे बोर्ड, भिंतीवरचं प्लास्टिकचं गवत, तालुक्यातल्या सगळ्या हॉटेलांचं काम तोच करतो. आरजू पुढे काय करणार हे काढून घ्यायचं होतं. न विचारताच सांगितलं. भिंतीवर मोठे पांढरे पंख काढणार, लोक मध्ये उभे राहून फोटो काढणार. माणूस भोळा आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही.

मग मी त्याला माझी योजना सांगितली. खाली गाद्या घालायच्या, मोठ्या थाळात एकत्र जेवायचं, चौघांना एक थाळ. घरी आम्ही असेच जेवतो, म्हणून कोणाला सुचलं नाही. हैदराबादला म्हणे यासाठी रांगा लागतात. कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. म्हणाला, “ताई, बादलच्या तोंडातून शब्द जात नाही.” निश्चिंत झाले.

17 नोव्हेंबर, सोमवार

आरजूच्या कॅफेत गाद्या आल्या. मोठे थाळही आले. विलक्षण योगायोग. एका घरातल्या मुली, सारखंच सुचणार.

20 नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या गाद्या आल्या. आरजूच्या गाद्या मी पाहून आले होते, टाचांचे काळे डाग पडलेत. आपल्याकडे असं नको. दाराशी बादली, साबण, चार टॉवेल आणि सूचना ठेवली, “कृपया पाय धुऊन, पुसून, मगच बसावे.” पहिलं गिऱ्हाईक दौलतराव. इंझोरीचे शेतकरी, माझ्या जन्माच्या आधीपासून येतात. सूचना दोनदा वाचली.

“काहून वो पोरी, मी जेवाले आलो का नवरदेव म्हनून आलो? लग्नातबी येवढे पाय धुतले नोते कोनी माहे.”

जुन्या बाकावर बसले. त्यांच्यामागून आलेले सगळेच बाकावर बसले. गाद्या मात्र एकदम स्वच्छ राहिल्या.

30 नोव्हेंबर, रविवार

आम्हीही भिंतीवर पंख काढून घेतले. (ही नक्कल नाही. बादलने मला आरजूच्या आधी सांगितलं असतं, तर ते माझेच असते.) सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटं, मी घड्याळ घेऊन उभी. एक नवं जोडपं एक मिनिट पन्नास सेकंदांत निघून गेलं. दहा सेकंद उरलेत असं मी हाक मारून सांगितलं. थांबले नाहीत.

आरजूकडे म्हणे रविवारी बाहेर खुर्च्या टाकाव्या लागल्या. खुर्च्या कमी घेतल्या असणार आधी. नियोजन नाही.

8 डिसेंबर, सोमवार

मुबश्शिरचाचांची दाढ दुखत होती, त्या नादात पाणी जास्त पडलं. दालचा पातळ झाला. अब्बा म्हणाले, एखाद्या दिवशी होते. पण लोक विश्वासाने मागवणार. मला राहवेना. फळ्यावर लिहिलं, “आजचा दालचा कालच्यापेक्षा पातळ आहे. माफ करा.”

अब्बा कपाळाला हात लावून म्हणाले, “दुकानदार असं लिहितेत काय कुठी?”

कॉलेजच्या एका मुलीने फोटो काढला. हसत होती. माझं अक्षर चांगलं आहे.

10 डिसेंबर, बुधवार. रात्री 9

तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आहे! “खरं बोलणारं हॉटेल” म्हणून. वाशिमहून दोन गाड्या आल्या. बाकं भरली, गाद्यासुद्धा भरल्या, तीन माणसांनी पाय धुतले.

आरजूचा मेसेज आला. एक बदाम आणि एक हसणारा चेहरा. म्हणजे किती जळत असेल. मी दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही. मग “शुक्रिया” एवढंच लिहिलं.

आता रोज खरं लिहिणार. आजचा मजकूर: “लिंबं सुकी आहेत. कोपऱ्यातला पंखा आवाज करतो.”

16 डिसेंबर, मंगळवार

आरजूच्या कॅफेत गुलाबी निऑनमध्ये बोर्ड लागला. “आजचा दालचा कालच्यापेक्षा पातळ आहे.” तिच्याकडे दालचा मिळतच नाही! मोमोज मिळतात.

थेट बादलकडे. तो शांत. “ताई, मी कोनाले सांगतलं नाही. फक्त छापलं.”

24 डिसेंबर, बुधवार

बादलने आतापर्यंत अकरा छापलेत. कारंज्याच्या एका ज्यूस सेंटरवर आहे. आसेगावच्या एका सलूनमध्ये आरशावर आहे. सलूनवाल्याला दौलतरावांनी विचारलं, दालचा कुठी आहे बाप्पा? तो म्हणाला, माहीत नाही, आजकाल हेच चालून राह्यलं.

सगळीकडे माझं वाक्य, आणि नाव कुठेच नाही. मला नावाची हौस नाही. पण निदान “माफ करा” तरी ठेवायचं होतं, ते सगळ्यांनी गाळलं.

28 डिसेंबर, रविवार

रिसोडहून एक कुटुंब आलं, आठ माणसं, तयार होऊन. फळ्यावर आज लिहिलं होतं, “आज सगळं ठीक आहे.” कारण खरंच ठीक होतं.

त्यातल्या बाई म्हणाल्या, “पातळवाला बोर्ड कुठी आहे?” मी सांगितलं, आज दालचा घट्ट आहे. त्या म्हणाल्या, “मंग कायले आलो आपन येवढ्या दूर?” नवऱ्याने समजूत घातली, “अवं, खरा बोर्ड तं बायपासवर आहे, कॅफेत. हे त्याची कॉपी करून राह्यले.”

आठही जण गेले. बायपासला.

कॉपी. मी.

31 डिसेंबर, बुधवार

सकाळभर विचार केला. लोकांना ते वाक्य हवं आहे. पण दालचा घट्ट असताना “पातळ आहे” असं मी लिहू शकत नाही. आरजू लिहू शकते, तिला खऱ्याखोट्याचं काही नाही.

दुपारी उपाय सापडला. मुबश्शिरचाचांना सांगितलं, पातेल्यात दोन तांबे पाणी जास्त घाला. म्हणजे वाक्य खरं होईल.

चाचांनी हातातला डाव खाली ठेवला. “सव्वीस वर्सं झाले, पातळ झाला की लोकायच्या शिव्या खातो मी. आन् तू पाणी टाकाले सांगून राह्यली?”

मी समजावलं की फळा म्हणजे आपला शब्द आहे, शब्दाप्रमाणे वागायला हवं. त्यांनी पाणी घातलं. फळ्यावर वाक्य लिहिलं, “माफ करा”सकट. मन स्वच्छ आहे. नव्या वर्षाचा संकल्प: दुसऱ्यांच्या यशाकडे बघायचं नाही.

1 जानेवारी 2026, गुरुवार

आरजूकडे नव्या वर्षाला म्हणे सव्वाशे माणसं. सहज कळलं. (दोघांना विचारलं.)

आमच्याकडे एक अडचण. वाक्यात “कालच्यापेक्षा” आहे. काल दोन तांबे घातले. आज दोनच घातले तर दालचा कालच्याइतकाच, आणि वाक्य खोटं. म्हणून आज अडीच.

3 जानेवारी, शनिवार

शुक्रवारी हॉटेल बंद असतं. मग आज “काल” म्हणजे कोणता दिवस? गुरुवार धरला. तीन तांबे.

फोटोवाले पुन्हा येऊ लागलेत! दोन मुली आल्या, फोटो काढला, चहा घेतला. दालचा नाही घेतला, पण घाईत असतील.

12 जानेवारी, सोमवार

सात तांबे झाले. दुधीचे तुकडे आता तळाशी बसत नाहीत, तरंगतात. चाचा पातेल्याकडे पाठ करून उभे राहतात. मी त्यांना म्हटलं, रोज थोडंसंच तर वाढवतो आपण.

18 जानेवारी, रविवार

दौलतराव आले. वाटी तोंडापर्यंत नेली, खाली ठेवली, पुन्हा आत पाहिलं.

“पोरी, दालच्यात मले माही टोपी दिसून राह्यली.”

मी फळ्याकडे बोट दाखवलं. आपण काही लपवलेलं नाही. ते म्हणाले, “ते वाचलं मी. पन वाचून पोट भरते काय?” वाटी तशीच ठेवून गेले. अब्बा त्यांना सोडायला फाट्यापर्यंत चालत गेले, त्या गुडघ्यांनी.

जुन्या लोकांना नवीन गोष्टी समजायला वेळ लागतो.

25 जानेवारी, रविवार

चाचांनी ताप आहे म्हणून सुट्टी घेतली. भट्टीवर मीच. पाण्याचं प्रमाण वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे काही अडलं नाही. फोटोवाले दोन. जेवणारे शून्य. (एक होता, पण त्याने फक्त कांदा खाल्ला.)

ऐकलं की आरजूने दालचा सुरू केला. तिच्या बोर्डमुळे लोक रोज दालचा मागत होते, तिने ठेवला. मोमोज करणाऱ्याला काय दालचा जमणार.

2 फेब्रुवारी, सोमवार

चाचांना बघायला त्यांच्या घरी फळं घेऊन गेले. घरी नव्हते. ताप असलेला माणूस आरजूच्या भट्टीवर उभा होता.

मी खिडकीतून विचारलं, “चाचा, इथे?” ते घाबरले नाहीत, डाव फिरवत राहिले. म्हणाले, “बुरा मत मान बेटा. इथला बोर्ड खोटा आहे, म्हनून दालचा खरा करता येते.”

फळं त्यांना दिली नाहीत. परत आणली. मग वाईट वाटलं, पाठवून दिली. एक सफरचंद मी खाल्लं होतं, तेही चिठ्ठीत लिहिलं.

8 फेब्रुवारी, रविवार

अब्बांनी आज हॉटेलात दालचा मागितला. महिनाभरात पहिल्यांदा. मी म्हटलं, आज नका घेऊ. तेवढ्यावर त्यांना कळलं, पण वाटी घेतलीच. पूर्ण संपवली. मग हात धुतले, ओलं फडकं घेतलं आणि फळा स्वतः पुसला. वरपासून खालपर्यंत, कोपरेसुद्धा.

नंतर फुरकानमामांना फोन लावला. मला बाहेर जायला सांगितलं नाही.

मी म्हटलं, रमजानला अजून दहा-अकरा दिवस आहेत. ते म्हणाले, “हाव बेटा. माहीत आहे.”

15 फेब्रुवारी, रविवार. दुपारी 3

सकाळी मामांची माणसं येऊन फरशी मोजून गेली. दोन ठिकाणी चुकीचं मोजत होते, मी बरोबर सांगितलं.

मग आरजूकडे गेले. तिचा दालचा कसा आहे ते नीट बघणं आवश्यक होतं. आत अब्बा आणि दौलतराव गादीवर बसले होते, एका थाळात. पाय न धुता. अब्बा मला बघून ओशाळले नाहीत. थोडे सरकले आणि माझ्यापुरती जागा केली.

आरजूने स्वतः वाढलं. तिच्या कपाळावर घाम होता, बांगडीला डाळ लागलेली. बसली नाही, उभीच राहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मीठ बरोबर आहे का गं? खरं सांग. तुझ्याशिवाय कोणी खरं सांगत नाही.”

मी एक घास घेतला. मग आणखी एक. अब्बा, दौलतराव, भट्टीमागून चाचा, सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, “किंचित कमी आहे.”

आरजू घाईने मीठ आणायला गेली.

मीठ बरोबर होतं. ती यायच्या आत दुसऱ्यांदा वाढून घेतला.