समुद्राकडे पाठ

बाबा, मी समुद्राकडे पाठ केली. त्या सकाळी कितीतरी वेळा केली आणि शेवटी लाटेवर, फळीवर, चक्क उभी राहिले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना! तुम्ही असतात तर आधी भडकला असतात आणि मग लालबागच्या आपल्या अख्ख्या चाळीला बोलावून सांगितलं असतंत.

दादर चौपाटीवरचे रविवार आठवतात. मिलला सुट्टी, माझं मनगट तुमच्या मुठीत, पाणी घोट्याएवढं. परत निघताना आपण दोघं लाटांकडे तोंड ठेवून उलटे चालत वाळूवर येतो. भेळवाल्यापाशी उभी माणसं हसतात, मी लाजून वळते आणि पाठीत धपाटा बसतो. "चेडवा, दर्याक पाठ दाखवू नको!" "बाबा, लोक हसतायत." "हसूंदेत." तुमचा धाकटा भाऊ गावच्या किनाऱ्यावर पाठमोरा उभा असताना लाटेने नेला, हे मला पुढे आईकडून कळलं. तेव्हापासून मी पाण्यात उतरणंच सोडलं.

या हिवाळ्यात लेक मला गावाकडे सर्फिंग शिकायला घेऊन गेली. शिकवणारी तिच्याच वयाची, तिथल्याच कोळ्यांच्या घरातली. तिने आधी आम्हाला वाळूत बसवून नुसतं पाणी बघायला लावलं. "काकू, तुम्ही कुठे उतराल?" जिथे लाटा फुटत नव्हत्या, ती शांत पट्टी मी दाखवली. "तिथेच पाणी आत ओढतं! पांढरा फेस दिसतो ना, तिथे उतरायचं, कंबरेपर्यंतच. ओढलं गेलातच तर फळी सोडू नका, किनाऱ्याकडे झगडू नका, आडवं सरका." फळीची दोरी तिने माझ्या पायाला बांधली. आत जाताना नजर लाटेवरच ठेवायची, म्हणाली. तिथवर तुमचीच शिकवण होती, मला बरं वाटलं.

पण लाट पकडायची तर फळीवर पालथं पडून तोंड किनाऱ्याकडे करावं लागतं, लाट मागून येते. मी दर वेळी मान वळवून बघायचे आणि धप्पकन पडायचे. नाकातोंडात खारं पाणी. "काकू, मागे मी बघते. तुम्ही पुढे बघा!" मला रडू आलं. तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू? मग दात आवळले आणि पुढे बघितलं. लाटेने मला उचललं, हात टेकले, पाय आपसूक खाली आले आणि मी उभी! लेक वाळूत नाचत ओरडत होती. पार उथळ पाण्यापर्यंत मी तशीच गेले, बाबा, एकदाही न पडता.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. उभी राहिले तेव्हा आजोबांची आठवण आली, असं मी लेकीला सांगितलं. नव्हती आली. तेवढा वेळ तुम्ही नव्हतात, काका नव्हते, कुणीच नव्हतं. नुसती मी होते आणि मला फार मजा आली.