नॉमिनीच्या रकान्यातलं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या फंडाच्या फॉर्मविषयी मी कुणाशी धड बोललेली नाही. सही करताना कागद दोनदा वाचायचा, साहेबाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. फौंड्रीतून आलात की पगाराची चिठ्ठी माझ्यापुढं टाकायचात, "मालकानं फंडात आपला वाटा घातलाय का बघ." शंका घेणं हाच आपल्या घरातला अभ्यास होता.

तुमचं दिवसकार्य उरकलं आणि मी फंडाच्या ऑफिसात गेले. आईला घरीच ठेवलं, कारण कागदातलं मलाच कळतं असा माझा तोरा. खिडकीतल्या कारकुनानं तुमचा जुना फॉर्म काढला, चष्मा वर केला. "आईचं नाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. "हितं ते न्हाय. हितं बायको म्हणून दुसरीच बाई हाय. लग्नाची कोण ते आधी घरात ठरवा, मग विधवा पेन्शनचं बघू." कधी न ऐकलेलं नाव, त्यापुढं तुमचं नाव, आपलं आडनाव. अक्षर तुमचंच. मागं रांगेत कुणीतरी हसलं. मी फॉर्मची नक्कल मागून घेतली आणि निघाले.

घरी आल्यावर ती मी कपाटात माझ्या कपड्यांखाली दडवली. मग सगळंच संशयाचं वाटायला लागलं. सोमवारच्या सुट्टीला इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही कुठं जायचात? एका दिवाळीला दोन साड्या आणल्यात, दुसरी बहिणीला म्हणालात, ती खरंच आत्याकडं गेली का? शिवाजी पेठेत राहणाऱ्या तुमच्या फौंड्रीतल्या जोडीदाराला मी आडून आडून विचारलं. "अण्णा? देवमाणूस की!" तो म्हणाला, आणि मला त्याचाही संशय आला. आई तेव्हा खानावळीत भाकरी थापत होती. तिनं पेन्शनचं विचारलं की मी सांगायची, ऑफिसात वेळ लागतोय.

आठ महिन्यांनी कपडे आवरताना कागद तिच्याच हाती लागला. अक्षरं जोडत तिनं ते नाव वाचलं आणि कागद घेऊन खाली बसली. मी दाराशी उभी.

"हे माझंच की गं," ती म्हणाली. "माहेरचं. लग्नात तुझ्या आज्जीनं बदललं."

आजोळी कुरुंदवाडला लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत, त्यामुळं हे नाव माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं. ती कागदावरून बोट फिरवत राहिली. "उभ्या जन्मात त्यांनी मला नावानं हाक मारली न्हाय. नुसतं, अगं, ऐकतीस का. आणि हितं बघ."

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं आणि पेन्शन सुरू झाली. आता मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांकडून हेच फॉर्म भरून घेते. बायकोचं आणखी एखादं नाव आहे का, असं विचारलं की माणसं भडकतात. "मला दुसरी हाय असं वाटलं व्हय मॅडम तुमाला?" परवा एक जण ओरडला.

अण्णा, तुमची माफी मागायला बसले होते. पण तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही उलटून काही विचारणार नाही. ती नक्कल तिच्या हाती लागली त्याच्या आदल्याच दिवशी मला मिळाली, असं मी आईला सांगितलं होतं. पेन्शन आणायला निघाली की ती अजून त्या कारकुनाला शिव्या घालते, माझे आठ महिने खाल्ले म्हणून. आणि मी मान डोलावते.