केसपेपरवरचा ‘नाटक’ हा शब्द लिहिणाऱ्यानेच खोडावा

प्रति,
माननीय अधीक्षक,
मुलांचा दवाखाना.

विषय: नातीच्या केसपेपरवर ‘नाटक करते’ असं लिहिणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना स्टुलावर बसवण्याबाबत.
संदर्भ: त्यांचं गिचमिड अक्षर.

साहेब,

१) नात नऊ वर्षांची. झटकन उठली की तिचे हातपाय पिळवटतात, मान वाकडी होते, शब्द फुटत नाही. कपात चहा ओतेपर्यंत सगळं थांबतं. शुद्ध जात नाही, ऐकू सगळं येतं. मोठ्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला. आलेख चांगला निघाला, म्हणून पोर वाईट ठरवली. तिच्यादेखत म्हणाले, “आजी, पोरगी नाटकी आहे. लाड कमी करा.”

२) घरात आणखी कुणाला असं होतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. धाकट्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मला बाकावरून उठताना बघितलं. म्हणाल्या, “उठायच्या आधी पायाची बोटं का हलवता?” म्हटलं, आमच्याकडे सगळेच हलवतात. आधी बोटं, मग गुडघे, मग उठायचं. वडिलांनी लावलेली शिस्त. माझा भाऊ एकदा तसाच उठला, तो तीन गल्ल्या पलीकडे सापडला. (गल्ल्या वाढवल्यात. भाऊ खरा आहे.) बाई म्हणाल्या, “ही शिस्त नाही आजी, आजार आहे. वडिलांकडून तुम्हाला, तुमच्याकडून लेकाला, त्याच्याकडून हिला. बोटं हलवून तुम्ही झटका चुकवत आलात.” वयाबरोबर माझे झटके गेले, सवय राहिली. पण शाळेत ‘उभी राहा’ म्हटल्यावर पोरीला बोटं हलवायला सवड कोण देतो? बाईंनी फिट्सवरची गोळी अगदी थोडी दिली. झटके थांबले.

३) आता खरी तक्रार. मोठे डॉक्टर सांगत फिरतात, “मी दरडावलं म्हणून सुधारली.” गेल्या आठवड्यात गोळी चुकली, झटका आला. थांबल्यावर पोर मला म्हणते, “सॉरी आजी, परत नाही करणार.” साहेब, माझे दात थोडेच उरलेत, पण आहेत ते सगळे मी त्यांच्यावर धरलेत.

४) तरी भर ओपीडीत, शिकाऊ डॉक्टरांसमोर, त्यांना स्टुलावर बसवावं. नातीला खुर्ची कुठे दिली होती? तो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून आजाराचं नाव लिहावं, आणि “तू नाटक केलं नव्हतंस, मलाच कळलं नव्हतं” असं तिला मोठ्याने सांगावं. घरी येऊन मागितलेली माफी चालणार नाही. घरी बघायला कुणी नसतं. सोबत केसपेपरची झेरॉक्स आहे. मूळ कागद तुमच्या हाती देण्याइतकी मी भोळी नाही.

५) तोवर मी काही गप्प बसलेली नाही. घराच्या जिन्यात पोरांना रोज गोष्ट सांगते. गोष्टीतले मोठे डॉक्टर खोटं बोलले की वीतभर आखूड होतात. सध्या त्यांचा स्टेथोस्कोप जमिनीवर फरफटतो आणि मांजर त्यांना हुंगून पुढे जाते. पोरं पोट धरून हसतात. नात हसत नाही. ती विचारते, “मग ते मला खरं सांगायला कधी येतात?”

आयुष्यभर थापा मारल्या साहेब, पण याचं उत्तर मला रचता येईना. ते तेवढं कळवावं.

आपली, तूर्तास नम्र,
मुलीची आजी

सोमवार, ओपीडी उघडायच्या आधी