तुमच्या भावाची होडी

प्रिय वन्सं,

तुमच्या बंधुराजांनी मला या वयात होडी ओढायला लावलंय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा राग कुठून आलाय ते कळेल. फोनवर तुम्ही विचारता, बरा आहे ना तो? आणि हे शेजारीच बसलेले असतात, मग मी काय सांगणार? शिवाय फोन हातात आला की असे खणखणीत बोलतात की तुम्हाला वाटतं, हिलाच उगाच काळजी करायची सवय. म्हणून पत्र. हल्ली फार विसरतात, पाण्यावर एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण हे ऐकतील तर शपथ.

होड्या सोडायचा तो उतार तुम्ही पाहिलेला नाही. रुंद काँक्रीटचा, सरळ समुद्रात जाणारा. कुणीही यावं, आपली छोटी होडी नाहीतर कयाक पाण्यात लोटावी. फुकट म्हटल्यावर रविवारी ही झुंबड! नियम एकच, तयारी सगळी वर गाड्यांपाशी करायची आणि उतारावर आलं की होडी सोडून बाजूला व्हायचं. हा नियम जगाला शिकवणारे कोण, तर आपले हे. उतारावर कुणी लाइफ जॅकेटचे बंद बांधत रेंगाळला की आजवर त्याची हजेरी घेतलीच म्हणून समजा. या रविवारी मधोमध उभं राहून हे स्वतःच बंद बांधत होते, सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मी हात लावायला गेले तर म्हणे, मला शिकवू नकोस. माझी मेलीची मान वर होईना. तिथला रखवालदार ओळखीचा. तो आधी गालातल्या गालात हसत होता, मग हसायचा थांबला. त्याचं हसणं परवडलं असतं.

होडीच्या मागच्या टोकाला आतलं पाणी काढायचं भोक असतं, त्याला एक बूच असतं. ते लावल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांनी ते लावलंच नाही. थोडे पुढे गेले आणि होडी मागून बसायला लागली. मी काठावरून घसा फोडून ओरडतेय, आणि हे मला मजेत हात हलवून दाखवताहेत. शेवटी रखवालदार आपली होडी घेऊन गेला आणि ह्यांना ओढत घेऊन आला. ओहोटी लागलेली, खाली सगळं शेवाळं. चपला काठावर टाकून मी होडी ओढायला गुडघाभर पाण्यात उतरले. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं माझ्याकडे. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाले, “ताई, मी खोल गेलो होतो ते आईला सांगू नकोस हं.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. थट्टेवारी नेऊन वेळ मारून न्यायची त्यांची जुनी खोड. पण चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, भीती होती. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली! मी म्हटलं, नाही सांगणार. तर मुकाट्याने गाडीत जाऊन बसले. माझं एक अक्षर न ऐकणारा माणूस ताईचं सगळं ऐकतो, याचाही मला संताप आला. हसू नका. तेव्हापासून मी अधूनमधून ताई असते. ताई म्हणाली की औषध घेतात. होडीच्या कुलपाची किल्ली ताईने मागितली, लगेच काढून दिली. पाण्याचा धोका टळला, सुटलेच म्हणायचं. पण वन्सं, मला हे जमत नाही. जन्मभर या माणसाशी भांडले, आणि ताईशी ते भांडतच नाहीत. तुमचे गुडघे दुखतात ते ठाऊक आहे, तरी या. खरी ताई समोर बसली, की शेजारी उभी असलेली दुसरी बाई आपली बायको आहे हे त्यांना आठवेल, एवढ्या आशेवर लिहितेय.

तुमचीच,
वैतागलेली भावजय