दोन कर्नल

प्रिय मम्मी,

मी बरी आहे, सनद भागातली माझी नवी खोली हवेशीर आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या वॉर्डात यादवीत पाय गमावलेला एक परदेशी सैनिक आहे. त्याचे दोन कर्नल एकमेकांशी बोलत नसत. एकाने माघारीचा हुकूम दुसऱ्याला कळवलाच नाही आणि याची तुकडी मारली गेली. मी त्या दोघांना खूप नावं ठेवली.

काल ड्युटी संपवून निघताना दारात आठवलं, त्याच्या वेदनाशामक इंजेक्शनचं पुढच्या पाळीच्या मॅगीला सांगायचं राहिलंय. पण चर्चच्या क्वायरवरून भांडल्यापासून आम्ही बोलत नाही, म्हणून तशीच निघाले. सकाळी कळलं, तो तीन तास कण्हत होता.

आज त्याला सगळं खरं सांगून माफी मागितली, तर एवढंच म्हणाला, "सिस्टर, तुम्हीही कर्नलच."

मम्मी, मॅगीशी मी अजून बोललेले नाही.

तुझीच,
हॅझेल