हृदयाची गोळी हाताला

चिरंजीव डॉक्टरीणबाई यांस,

घड्याळवाल्या मामाचे आशीर्वाद. (वयाने भाची असलीस तरी हल्ली पथ्यं तूच सांगतेस, तेव्हा आशीर्वाद द्यावेत की नमस्कार घालावा, हा पेचच आहे.) तुझी प्रकृती ठीक असेलच, दुसऱ्यांच्या आजारातून तुम्हाला आजारी पडायला सवड कुठली? मामी बरी आहे. माझं म्हणशील तर सगळी गल्ली मी चाललो असं धरून बसली आहे, आणि ही तुझीच कृपा.

गेल्या भेटीत थरथरणारा उजवा हात मी फक्त तुला दाखवला. चाळीस वर्षं केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा हात. तो गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेल्यावर मी दिवसभर घरात बसून करू काय, मामीचे डबे पुसू? एवढं ऐकून घेऊन तू दिलंस काय, तर हृदयाची गोळी. दुखणं हाताचं, औषध छातीचं. मनगटी घड्याळाला मी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक लावून दिला तर गिऱ्हाईक मला जोड्याने मारेल. तुम्ही त्याला संशोधन म्हणता. वर मलाच शिकवलंस की हृदयाची जुनी औषधं आता नाना रोगांवर वापरून बघतात, आणि रक्तदाबाच्या एका गोळीने लोकांच्या अंगावर केस उगवले म्हणून तेच औषध पुढे टकलावर लावायला दिलं. वा रे विद्या! नेम चुकून दगड भलत्याच झाडाला लागला आणि फळ पडलं, की म्हणायचं, आम्हाला हेच हवं होतं.

तुझी चिठ्ठी औषधवाल्याला दिली. त्या महाभागाने ती वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि दुकानात पाच माणसं उभी असताना आवाज खाली आणून (म्हणजे सहाव्यालाही ऐकू जाईल इतका) विचारलं, हृदयाचं कधीपासून? आता काय सांगू? हाताचं म्हणालो असतो तर संध्याकाळपासून कुणी गजराचं घड्याळसुद्धा माझ्याकडे टाकलं नसतं. घड्याळवाल्याचं काळीज अडखळलं तरी तो घड्याळवालाच राहतो. हात हलला की संपला. म्हणून छाती चोळत म्हणालो, "झालं वर्षभर."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही रांग. मला वाटलं, उशिरा का होईना, लोकांना माझी किंमत कळली. कसली किंमत? जो तो आपलं घड्याळ परत न्यायला आलेला. मी गचकलो तर माझ्या खणातून यांची घड्याळं शोधून कोण देणार, ही यांची काळजी. मागच्या गल्लीतला तो दुसरा घड्याळवाला (बॅटरी बदलण्यापलीकडे अक्कल नाही) तोंड पाडून येऊन बसला. चौकशी माझ्या तब्येतीची आणि डोळे माझ्या भिंगावर. जाताना म्हणाला, अवजारं जाणत्या माणसाकडे गेली पाहिजेत. मी म्हटलं, "म्हणूनच तुला देणार नाही."

तेव्हा तुझी विद्या तुझ्यापाशीच ठेव. असली दुसऱ्या रोगाकडून उसनी आणलेली औषधं मी घेणार नाही, हे स्पष्ट कळवतो.

तुझा,
मामा

ता.क. गोळ्या संपल्या. (आणल्याच होत्या, मग फेकायच्या कशाला?) सांगितल्याप्रमाणे रोज नाडी मोजतो, दुकानात तेवढ्यापुरतं एक घड्याळ उरलं आहे. परवा त्याचीच स्प्रिंग एका दमात बसली. योगायोग असेल. तरी नवी चिठ्ठी पाठव.

आणखी एक. मामीला मी हाताबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो. हृदयाची बातमी ऐकून ती रडेल असं वाटलं होतं, तर बाई ढिम्म. शेवटी रागावून विचारलं, नवरा मरायला टेकलाय आणि तुला काहीच कसं वाटत नाही? म्हणाली, "तुमच्या काळजाला काय धाड भरलीय? हात हलतो तुमचा." वर्षभर ती मला चहा अर्धाच कप देते आहे, आणि वर्षभर मी तिला कंजूष म्हणतो आहे. सांडून मला ओशाळं वाटू नये म्हणून अर्धा देत होती. तर पत्र मिळताच तिला फोन कर, आणि आता कप भरायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणून सांग. माझ्याच्याने बोलवत नाही.